वेलीला घेर कुठून आणायचा?

मार्चअखेर उलटली की आमच्या टपालात अडकलेल्या देयकांची पत्रे वाढतात. त्यात नवल काही नाही. रोपे वाटेत कोमेजली, पोच हरवली, साहेबांची बदली झाली, ही कारणे आपल्या धंद्यात आता कुणी मनावर घेत नाही. यंदा मात्र एक नवेच कारण आले आहे आणि ते निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या वाचकांनी एकाच महिन्यात कळवले आहे. माधवीलतेची रोपे ‘खोडाचा घेर कमी’ असा शेरा मारून टेम्पोसकट परत पाठवली गेली. रोपे कशी होती? दोन पावसाळे काढलेली, गुटीची, पिशवीत मुळे भरलेली. आपल्यापैकी कुणीही डोळे मिटून उचलली असती अशी.

सार्वजनिक उद्यानांत देशी वेली लावा, अशा सूचना निघू लागल्या तेव्हा याच पानावर आम्ही त्यांचे स्वागत केले होते. ते स्वागत आम्ही मागे घेत नाही. गावोगावच्या कमानींवर बोगनवेल, लसूणवेल, अलमांडा आणि संक्रांतवेल यांच्यापलीकडे काही चढताना दिसत नसे. या चौघीही दक्षिण अमेरिकेतल्या. त्यांच्याशी आमचे भांडण नाही, त्यांनी आपली पोटे भरली आहेत. पण सह्याद्रीत कुसर, माधवी, मोरवेल, कळलावी असताना त्यांना बागेत जागा नसावी, ही लाजेची गोष्ट होती. सूचना चांगलीच होती. घोडे अडले ते परिशिष्टात.

एका वाचकाने निविदेच्या त्या पानाची प्रत पाठवली आहे. मथळा ‘देशी फुलवेली’. खाली अटी: उंची किमान ६ फूट, खोडाचा घेर जमिनीपासून एक फुटावर किमान ५ सें.मी.; रोप सरळ, एकखोडी, निरोगी व फुलावर असावे. पुरवठा ३१ मार्चपूर्वी.

सरळ आणि एकखोडी वेल! हे वाक्य कुणी तरी टंकले, कुणी तरी तपासले, त्यावर तीन सह्या झाल्या आणि ते संकेतस्थळावर चढले. या सगळ्या प्रवासात एकाही माणसाला हसू फुटले नाही, याचेच आम्हाला जास्त वाईट वाटते.

आता घेराचा हिशेब करू. घेर ५ सेंटिमीटर म्हणजे जाडी सुमारे १६ मिलिमीटर, साधारण अंगठ्याएवढी. सहा फूट चढलेल्या माधवीच्या रोपाचे खोड शिसपेन्सिलीएवढे असते आणि शिसपेन्सिलीचा घेर भरतो सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास. वेल खोडात लाकूड साठवत बसत नाही, म्हणून तर ती वेल. उभे राहायचे काम दुसऱ्यावर सोपवून ती सगळी कमाई लांबीत घालते. खोड जाड होते, नाही असे नाही. पण ते वयाने. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या जुन्या वेली पाहिलेल्यांना ते सांगायला नको. तसली वेल पिशवीत भरून मार्चअखेर पोचती करा, असे म्हणणे एवढेच बाकी राहिले आहे.

हे झाले कसे, तेही उघड आहे. वड, पिंपळ, कडुनिंबाच्या रोपांसाठी वर्षानुवर्षे जो तक्ता चालत आला, त्यातला नावांचा रकाना तेवढा बदलला. झाडाच्या रोपाला घेर विचारणे योग्यच आहे, कारण बारीक खोडाचे उंच रोप वाऱ्यात लोळते. वेलीला तोच प्रश्न विचारताना कुणी क्षणभर थांबले नाही. गंमत अशी की भारतीय वन अधिनियम १९२७ सालचा. इंग्रजाने केलेला तो कायदा वनोपजाची व्याख्या करताना झाडे वेगळी धरतो आणि झाडे नसलेल्या वनस्पतींत गवत, वेली, बोरू, शेवाळ यांचा नावानिशी उल्लेख करतो. झाड वेगळे आणि वेल वेगळी, हे १९२७ साली कळत होते.

कोल्हापूरकडच्या एका वाचकाने तपासणीचे जे वर्णन लिहिले आहे, ते सगळेच छापण्याजोगे आहे, पण जागेअभावी थोडक्यात सांगतो. तपासायला आलेले गृहस्थ स्थापत्य विभागाचे. उद्यान विभागात माणूस नव्हता. त्यांनी टेप लावला, तर वेल बांबूला वेढे देत गेलेली. मग उंची कुठली धरायची? बांबूची की वेलीची? त्यांनी वेल सोडवायला सांगितली. मजुराने सुतळ्या कापून एकेक वेढा उलटा फिरवला, वरचा कोवळा हातभर भाग कट्‌कन मोडला आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, ‘शेंडा मोडलेला, उंची ५ फूट ४ इंच, अपात्र’. घेराची पाळी आली तेव्हा आमच्या वाचकाने वैतागून विचारले, बांबूसकट धरता का साहेब? साहेब विचारात पडले. वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठ म्हणाले, लेखी मागणी करा.

हसून सोडून देण्याजोगे हे राहिले असते, तर संपादकीयाची जागा त्यावर खर्च केली नसती. ५ सेंटिमीटर घेराची देशी वेल हवीच असेल, तर ती मिळते. कुठे मिळते, हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घाटाच्या उतरणीवर जायचे, जुनी कुसर किंवा माधवी बुडातून खणायची, सोटमूळ कुऱ्हाडीने तोडायचे, वरचा पसारा छाटून सहा फुटांचा दांडा ठेवायचा आणि मोठ्या पिशवीत दाबून बसवायचा. खोडातल्या साठ्यावर पंधरा दिवसांत पालवी येते. घेर भरतो, उंची भरते, पालवी लुसलुशीत दिसते आणि माल पास होतो. मे महिन्याच्या उन्हात साठा संपतो. खाली मुळे असतातच कुठे? जूनमध्ये तिथे काटकी उभी असते. राखीव जंगलातून वेल उपटणे गुन्हा आहे, पण ज्याने हा गुन्हा केला त्याचे देयक निघाले आणि ज्याने दोन वर्षे रोप वाढवले त्याची अनामत अडकली. देशी वेली वाचवण्यासाठी काढलेल्या योजनेतून देशी वेलींची तोड होते आहे. (जंगलात तर वेलतोड हे वनखात्याच्या कार्य आयोजनांतले जुने मान्य काम आहे, झाडाचा सोट वाकडा होऊ नये म्हणून वेल कापायची. निदान तिथे हेतू तरी कागदावर लिहिलेला असतो.)

‘फुलावर असावे’ ही अटही सोडून देण्यासारखी नाही. यादीत माधवी, कुसर, मोरवेल आणि कळलावी अशी चार नावे आहेत. माधवी माघ-फाल्गुनात फुलते, कुसर चैत्र-वैशाखात, कळलावी श्रावण-भाद्रपदात आणि मोरवेल पाऊस ओसरताना. चारही एकाच दिवशी फुलावर हव्यात, तेही ३१ मार्चपूर्वी. पंचांगातच दुरुस्ती करून घ्यावी लागेल. त्यातून कळलावी तर मार्चमध्ये जमिनीच्या वर असतच नाही.

तिचा किस्सा विदर्भातून आला आहे. गेल्या पावसाळ्यात एका बागेच्या कुंपणाला कळलावीचे कंद लावले. जागा नीट निवडलेली, खेळण्यांपासून लांब, जाळीच्या पलीकडे; विषारी आहे, मुळापासून बियांपर्यंत कोल्चिसिन आहे, म्हणून ते करावेच लागते. ऑगस्टमध्ये कुंपण लाल-पिवळे झाले, वर्तमानपत्रात फोटो आले, पदाधिकाऱ्यांनी त्यापुढे उभे राहून आणखी फोटो काढले. जानेवारीत जिवंत रोपांची मोजणी निघाली. मोजणाऱ्याला जागेवर कोरडी माती दिसली. जिओ-टॅग फोटो निघाला, अक्षांश-रेखांश बरोबर, रोप शून्य. नोंद: शंभर टक्के मर. आमच्या वाचकाने सांगून पाहिले की कंद खाली झोपला आहे, जूनमध्ये उठेल. ‘दिसत नाही ते जिवंत कसे धरू?’ हे उत्तर. ठेकेदाराला पुनर्लागवडीची नोटीस गेली. त्याने माणसे लावून कुदळीने ओळ उकरली आणि नांगराच्या फाळासारखे ते दुबेळके कंद तुकडे होऊन वर आले. डोळा असतो प्रत्येक फाट्याच्या टोकाला. टोक मोडले की तो फाटा गेला, मागच्या जाड भागातून दुसरा कोंब फुटत नाही. म्हणजे मोजणीच्या दिवशी जी ओळ जिवंत होती, ती मोजणीमुळे मेली. त्या जागी आता बोगनवेल आहे. ती बारमाही दिसते.

आणखी एक पत्र. एका अधिकाऱ्याने मोबाइलवर शोधून माधवीच नाकारली. का, तर जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत तिचे नाव आहे. आहेच. मॉरिशस, रियुनियनमध्ये ती शोभेसाठी गेली आणि तिथल्या रानावर पसरली. तीन पंखांचे फळ, वारा नेईल तिथे जाते. पण परकी कुठे आणि घरची कुठे, हे त्या यादीच्या मथळ्यातच लिहिले आहे. थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात छापली गेली. माधवी तिच्यात इथली म्हणून आहे. त्याच्या कितीतरी आधी, शाकुंतलाच्या सहाव्या अंकात, दुष्यंत बसतो तो माधवीच्याच मांडवात. आता या साहेबांना ‘स्थानिक असल्याचा दाखला’ हवा आहे. तहसीलदाराकडून हवा की तलाठ्याकडून, ते त्यांनी कळवलेले नाही.

मांडवाचा विषय निघाला म्हणून सांगतो. या निविदांत वेलीच्या आधारासाठी वेगळी बाब नाही. आधार स्थापत्यच्या अंदाजपत्रकात आणि तिथे एकच ठराविक वस्तू आहे, २ इंची जीआय पाइपची कमान. आता माधवी आणि कुसर वेढे घालणाऱ्या, त्यांना तो पाइप चालून जाईल. पण मोरवेल पानाच्या देठाने धरते आणि कळलावी पानाच्या टोकाच्या तणाव्याने. त्यांना सुतळी, तार, काटकी, फार तर करंगळीएवढी काडी लागते. २ इंची पाइपभोवती ती मूठ पोचतच नाही. मग माळी नायलॉनच्या दोरीने आवळून बांधतो, वर्षभरात दोरी सालीत रुतते आणि वर वेल पिवळी पडली की ‘खत कमी पडले’ असा निष्कर्ष निघतो. शिवाय नागपूर-जळगावच्या एप्रिलमध्ये उघडा लोखंडी पाइप दुपारी हात लावू देत नाही. त्यावर टेकलेला कोवळा शेंडा करपणारच. पाइपवर काथ्या गुंडाळायला किती खर्च येतो? पण काथ्या उद्यानच्या बाबीत बसत नाही आणि स्थापत्यच्या बाबीत शोभत नाही. उलट बाजूने, माधवी ही भारी वेल आहे. दहा वर्षांनी तिचे ओझे पाऊस धरून मांडवावर येते, तेव्हा पातळ पत्र्याच्या चौकोनी नळ्यांचे मांडव वाकतात. तिला जाड आधार आणि मोरवेलीला बारीक, एवढी साधी गोष्ट दोन विभागांच्या मध्ये कुठे तरी हरवते.

अधिकाऱ्यांवर तोंडसुख घेणे सोपे आहे आणि वाचकांना ते आवडते, हे आम्हाला माहीत आहे. आता थोडे आपल्या घरात बघू.

माधवी म्हणून पुरवलेल्या मालात रंगून क्रीपर किती निघाली, हे एकदा मोकळेपणाने बोलायला हवे. नावांचा घोळ आहे, मधुमालती दोघींना म्हणतात, हे सगळे मान्य. पण हा घोळ गिऱ्हाइकाचा असू शकतो, रोपवाटिकाधारकाचा नाही. एकीचा फुलोरा पांढरा, झालरीच्या पाकळ्यांचा आणि एका पाकळीवर हळदीचा ठिपका. दुसरीचे लांब नळीचे फूल पांढऱ्याचे गुलाबी आणि गुलाबीचे लाल होणारे. पानावरूनही आपल्याला ओळखता येते. ओळखता येत असून जो दुसरी पाठवतो, त्याला घोळ म्हणत नाहीत. रंगून क्रीपरची काडी सहज लागते, बुडातून धुमारेही मिळतात. माधवीची काडी बहुधा दगा देते आणि गुटीशिवाय गत्यंतर नसते. सगळा ‘घोळ’ या फरकात आहे.

दुसरी गोष्ट मातृवेलींची. आंध्रातल्या कडियमहून गाडी येते, सोरतापवाडी-उरुळीच्या रस्त्यावर उतरते, तिथून जिल्ह्याजिल्ह्यांत फुटते. व्यापार आहे, चालायचाच. पण कुसरीची, मोरवेलीची स्वतःची मातृवेल राखलेल्या रोपवाटिका बोटांवर मोजाव्यात एवढ्याच आहेत. गाडीतून उतरलेल्या मालाला ‘स्थानिक’ अशी चिठ्ठी लावताना आपला हात थरथरत नाही. वर आपण देशीचा अर्थही सोयीने लावतो. बंगाल-आसामकडची नीळवेल देशीच, म्हैसूरकडची थनबर्जिया देशीच. देशी असतील; पण दख्खनच्या कोरड्या उन्हात म्हैसूरची थनबर्जिया काय हाल काढते, ते लावणाऱ्याला विचारा. फळरोपवाटिकांना १९६९ पासून परवान्याचा कायदा आहे, शोभेच्या रोपांना तसा काही नाही. तो मागून घ्या, असे आम्ही चुकूनही म्हणणार नाही. एक खिडकी म्हणता म्हणता सात उघडतात. पण मग स्वतःचा हिशेब स्वतः ठेवायला हवा. मातृवेल कुठली, रोप गुटीचे की बियांचे, पिशवीत कधी भरले, या तीन ओळी चिठ्ठीवर लिहायला कुणाच्या बापाचे काय जाते? बियांची माधवी फुलायला वर्षे घेते. ती गुटीची म्हणून विकली की दोषदायित्वाच्या वर्षात ठेकेदार तोंडघशी पडतो, आणि पुढच्या निविदेत आणखी एक मूर्ख अट वाढते. ‘फुलावर असावे’ ही अट आकाशातून पडलेली नाही. ती आपल्याच कुणी तरी पुरवलेल्या न फुलणाऱ्या मालाचे अपत्य आहे.

आणि तिसरी गोष्ट, निविदापूर्व बैठकीची. ज्या पानावर एवढा आरडाओरडा चालू आहे, त्या निविदेची बैठक जानेवारीत झाली होती. हरकती मागवल्या होत्या. कार्यवृत्ताची प्रतही आमच्याकडे आली आहे. वेलींच्या अटींवर हरकती: निरंक. सभागृहात आपली माणसे नव्हती असे नाही. चहा झाला, दराची चर्चा झाली, परिशिष्ट कुणी उलटले नाही.

म्हणून या महिन्यात दोन कामे सांगतो.

पहिले हाताचे. माधवीची फळे आता वाळत आली आहेत. उडून जाण्याआधी माहितीच्या, ओळख पटलेल्या वेलींखाली कापड अंथरा. पंख कातरून ताजेच बी जूनच्या पहिल्या पावसात घाला; डब्यात भरून पुढच्या वर्षाची वाट बघू नका, उगवण पडते. बियांची रोपे विकायला नव्हेत, मातृवेलींसाठी. विकायच्या रोपांच्या गुट्या जून-जुलैत, गेल्या वर्षीच्या पेन्सिलीएवढ्या फांदीवर बांधा आणि मुळे पांढऱ्याची तपकिरी झाल्याशिवाय उतरवू नका. कुसर आत्ता फुलावर आहे, ओळखायला याहून चांगला महिना नाही. आता खुणेची चिंधी बांधून ठेवा, पाऊस लागला की दाब घाला. कळलावीचे कंद मेअखेरीला आडवे लावा, हाताने, टोकाला धक्का न लावता. जातीबद्दल शंका असेल तर फुलासकट फांदी दाबून वाळवा आणि पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, तिथे दाखवा. रान उपटून आणलेले खोड मात्र कुणीही, कितीही स्वस्त दिले तरी दारात घेऊ नका.

दुसरे काम कागदाचे. पुढच्या वर्षीची अंदाजपत्रके दिवाळीच्या आसपास बांधली जातात. तेव्हा कार्यालयाच्या टेबलावर आपला तक्ता असला पाहिजे, म्हणजे जुना उचलायची कुणाला गरज पडणार नाही. लेखणी उचलायचा कंटाळा साहेबांनाही आहेच. आमचा कच्चा मसुदा असा: घेर काढून टाका. उंचीऐवजी बुडापासून निघालेले जिवंत फुटवे मोजा, किमान तीन. पिशवी उलटी करून मुळे बघा. गोल गुंडाळलेली असतील तर खुशाल नापास करा, आम्ही टाळ्या वाजवू. वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि मातृवेलीचे ठिकाण चिठ्ठीवर सक्तीचे करा. पुरवठा जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. आधाराची बाब उद्यान विभागाकडे, वेलीच्या चढण्याच्या पद्धतीप्रमाणे. जिवंत रोपांची मोजणी वेलीच्या हंगामात, कळलावीची फक्त जुलै ते सप्टेंबर. दोषदायित्वाचा कालावधी दोन वर्षे करा, पण पहिल्या वर्षी मांडव किती झाकला हे विचारू नका.

यातला दोन वर्षांचा मुद्दा अनेकांना झोंबेल. अनामत दोन वर्षे अडकते, व्याज कोण देणार, हे आम्हाला ऐकू येते आहे. त्यावर वेगळा तोडगा असेल तर लिहा. तीन फुटव्यांची अट कुसरीला जड जाते, असे कुणाला वाटत असेल तर तेही कारणासह लिहा. मसुदा जूनच्या अंकात छापायचा आहे, त्यामुळे पत्रे १० मेपर्यंत कार्यालयात पोचावीत. पाकिटावर ‘वेल-तक्ता’ असे लिहावे. फोनवर सांगितलेल्या हरकती धरल्या जाणार नाहीत आणि ‘सगळे छान आहे, पुढे चला’ अशी पत्रे कृपया पाठवू नयेत.